माहेरी जाणारी बॅटरी

"बोलत नाही रे फारशी. फ्रिजसारखी आहे. आवाज नाही, पण चोवीस तास चालू!"

हे माझ्याबद्दल होतं. लग्नाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, मुलुंडच्या आमच्या बाल्कनीत उभं राहून कोकणातल्या भावाशी, बाळामामाशी, फोनवर बोलत होत्या. आणि वाळत घातलेल्या डबलबेडच्या चादरीपलीकडे हातात चिमटे घेऊन मी उभी होते. खोकावं की काय, असा विचार करते आहे तोवर पुढचं वाक्य आलं. "जत्रेला? बघू रे. दरवर्षी काय विचारतोस? माझं तुला माहीत आहे ना." हे म्हणताना त्यांचा आवाज एकदम उतरला. मी चिमटे न वाजवता आत आले.

फ्रिज म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. बोलणारी माणसं आपले किस्से तिथल्या तिथे खर्च करून टाकतात. न बोलणाऱ्याकडे ते साठत जातात, माळ्यावरच्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे. डबा एकाचा, झाकण दुसऱ्याचं, पण टाकवत एकही नाही! आमच्या घरातले गेल्या वर्षभरातले सगळे डबे एकाच विषयाचे आहेत. बॅटरी! कुठली घ्यायची, केवढी घ्यायची, आणि ह्यात कोणाला काय कळतं.

०००

आधी गाडी. बाबा, म्हणजे सासरे, रिटायर झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात चेंबूरहून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आले. ती पूर्वी कुठल्यातरी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ने-आण करायची. मागच्या काचेवर 'रात्रपाळी' असं स्टिकर होतं, ते काही केल्या निघेना. आत सीट काढून बेड, छोटं किचन, पंखा, सगळं करायचं. कॅम्पर!

आई खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "अहो, ही माणसं न्यायची गाडी आहे की पोलिसांची?"

बाबा म्हणाले, "अगं, ही तुला माहेरी न्यायची गाडी आहे."

आई वर गेल्या आणि संध्याकाळी विनाकारण शिरा केला.

त्याचं कारण असं. आईंना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री त्या नाकावर मास्क लावून झोपतात आणि उशाशी एक मशीन नळीतून हवा देत राहतं. त्या नळीमुळे आईंनी त्याचं नाव 'गणोबा' ठेवलंय. गणोबाला वीज लागते. आईंच्या गावात एकदा लाईट गेली की कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. आठ वर्षांपूर्वी माहेरी असताना तसंच झालं, आई घाबऱ्याघुबऱ्या उठल्या, सगळं घर हादरलं. तेव्हापासून माहेरी मुक्काम बंद. गावदेवीच्या जत्रेला सगळ्या माहेरवाशिणी येतात, देवीची ओटी भरतात, दोनतीन दिवस राहतात. आई फोनवर फोटो बघतात.

म्हणून गाडी. गाडीत बॅटरी, बॅटरीवर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर गणोबा. इतकं सोपं. जत्रेला अजून चार महिने होते.

०००

सोपं असलेलं अवघड करायला आमच्याकडे नंदूकाका आहेत. बाबांचे धाकटे भाऊ, घाटकोपरला राहतात, दर रविवारी येतात. काकांना सगळं येतं. त्यांच्या घरचा एकही पंखा सरळ फिरत नाही तो त्यामुळेच, असं काकू म्हणते.

"वेगळी बॅटरी कशाला, दादा? गाडीत ऑलरेडी आहे ना! बॅटरी ती बॅटरी."

काकांनी गाडीच्याच बॅटरीला दोन चिमटे लावले, इन्व्हर्टर जोडला, आणि ट्रायल म्हणून आम्ही सगळे गोराईला गेलो. चर्चच्या पुढे एका माडाखाली गाडी लावली. टेबलफॅन चालू, केदारचा लॅपटॉप चार्जिंगला (केदार म्हणजे माझा नवरा), काकांचा स्पीकर फुल. काका गादीवर लोळत म्हणत होते, "झकास! वहिनी, तुम्ही उगाच घाबरता. असं आयुष्यभर जाऊ शकतो आपण!"

निघायची वेळ झाली. बाबांनी चावी फिरवली. गाडीने फक्त 'टिक' केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टिक'. पंख्याने आणि गाण्यांनी गाडीची बॅटरी चाटूनपुसून खाल्ली होती.

मग धक्का. सहलीला आलेली दहाबारा मुलं, एक फुगेवाला, काका आणि केदार. "गणपती बाप्पा..." म्हणत सगळे गाडी ढकलत होते आणि चर्चमधून बाहेर पडणारी माणसं थांबून कौतुकाने बघत होती. एक कोळीणबाई रिकामी पाटी टेकवून उभी होती. तिने आईंना विचारलं, "गाडी कसली गं ही?"

"फिरायची," आई म्हणाल्या.

"मग फिरत का नाय?"

गाडी एकदाची सुरू झाली. काका घामाने निथळत आत चढले. मुलुंड जवळ आल्यावर काका हळूच म्हणाले, "पण इन्व्हर्टर चांगला चालला, हे मान्य करा!"

०००

मग ठरलं की वेगळी बॅटरी हवी. बाबा म्हणाले, विकत कशाला, घरात आहे की! आमच्या हॉलमध्ये सोफ्यामागे घरच्या इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी आहे. ती उचलून गाडीत ठेवायची. मुलुंडची लाईट तशीही जात नाही.

खबरदारी म्हणून भांडुपहून एका टेक्निशियनला बोलावलं. त्याने बॅटरीची बुचं उघडली, आत टॉर्च मारला, आणि बराच वेळ नुसता बघत बसला.

"ह्याच्यात पाणी कोण भरतं?"

"मी," आई म्हणाल्या. त्यात अभिमान होता.

"डिस्टिल्ड वॉटर?"

"ते मध्ये संपलं होतं. दुकानही बंद. मग म्हटलं, त्याच्याहून शुद्ध आपल्याकडे आहे की!" आणि आईंनी देवघराकडे हात केला. तिथे आईंच्या जावेच्या काशीयात्रेहून आलेले गंगाजलाचे तांब्याचे चार गडू ओळीने होते. तीन रिकामे.

टेक्निशियनने टॉर्च बंद केला. बुचं एकेक करून लावली. शेवटचं बूच लावताना त्याने बॅटरीला चक्क नमस्कार केला.

"काकी, हिचं वय झालंच होतं. पण अशी सद्गती मी पंधरा वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा बघतोय!"

०००

बाबा ज्या ऑफिसातून रिटायर झाले तिथे टाचणी घ्यायची तरी तीन कोटेशनं लागायची. बाबा अजून तसंच करतात. कोथिंबीरसुद्धा तीन ठिकाणी विचारून घेतात आणि पहिल्याकडे परत येतात, तोवर त्याच्याकडची संपलेली असते.

बॅटरीसाठी त्यांनी घाटकोपरच्या बाजारात तीन दुकानांत कोटेशनं मागितली. तिन्ही आली. बाबांनी डायनिंग टेबलावर ती शेजारी शेजारी मांडली, चष्मा पुसला आणि दोन संध्याकाळी तुलना केली. शेवटी मधलं निवडलं. "हा माणूस प्रामाणिक वाटतो. पहिला लुटारू आहे आणि तिसरा अनुभवी नाही."

दुकानात गेल्यावर कळलं. पहिलं दुकान जिग्नेशभाईंचं, दुसरं जिग्नेशभाईंच्या भावाचं, तिसरं मेव्हण्याचं, आणि तिन्हींची कोटेशनं जिग्नेशभाईंच्या एकाच कॉम्प्युटरवर टाईप होतात!

"साहेब, तुम्हाला तीन पाहिजे होते, म्हणून तीन दिले," जिग्नेशभाई म्हणाले. "चार मागितले असते तर बायकोच्या नावाने पण दिलं असतं!"

बाबा हसले नाहीत. पण घरी येताना म्हणाले, "माणूस प्रामाणिक आहे हे मी बरोबर ओळखलं होतं."

०००

आता केवढी बॅटरी? ते ठरवायला रविवारी सगळे बसले. जिग्नेशभाईंनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता, "चालवायचं काय आहे, आणि किती तास?"

केदार म्हणाला, "गणोबा. आठ तास. बस्स." आणि मग जरा थांबून, "आणि माझा लॅपटॉप. आणि असलाच तर प्रोजेक्टर. रात्री आभाळाखाली मॅच बघायला काय मजा येईल, यार!" परदेशातली माणसं बर्फात कॅम्पर उभी करून आत पिझ्झा भाजतात, असे व्हिडिओ तो रोज जेवताना बघतो.

"मुलुंडला बर्फ कधी पडणार आहे?" आईंनी विचारलं.

काकांना चहाची इलेक्ट्रिक किटली हवी होती. चहा त्यांना दर दीड तासाला लागतो. बाबांना इस्त्री. "जत्रेत चुरगळलेला शर्ट घालून देवीसमोर उभं राहू?" मग आईंनीही हळूच मिक्सर घातला, ओल्या खोबऱ्याच्या चटणीसाठी. पाट्यावर आता खांदा दुखतो म्हणे.

प्रत्येक वस्तूबरोबर एक बॅटरी वाढत गेली. केदार बेरीज करत होता. चार ट्यूब्युलर बॅटऱ्या झाल्या. प्रत्येक गुडघ्याच्या वरपर्यंत उंच, उचलायला दोन माणसं. त्या बेडखाली मावेनात म्हणून बेड काढावा लागणार होता. किचनही काढलं तर वजनाचा प्रश्न सुटत होता.

काका उत्साहात म्हणाले, "करेक्ट! मग काय चालवायचं ते चालवा!"

आईंनी केदारने काढलेलं गाडीचं चित्र हातात घेतलं, सगळीकडून फिरवून बघितलं.

"बॅटऱ्या छान बसल्यात रे. आपण मागून रिक्षाने जाऊ या."

मी तोंडात पदर कोंबून आत पाणी प्यायला गेले. ड्रेस घातला होता, त्यामुळे पदर म्हणजे ओढणी.

गणोबा आईंच्या उशाशी असतो, आणि त्या खोलीतलं अंथरूण आवरायचं काम माझं. रोज सकाळी आई त्याची नळी धुवायला नेतात, तेव्हा त्याच्या पोटावरची, किती वीज लागते ते लिहिलेली पट्टी मला दिसते. गणोबा बिचारा एखाद्या बल्बाएवढीच वीज खातो. त्याच्या पोटात पाणी कोमट करायची एक टाकी आहे, ती मात्र त्याच्याहून अधाशी. पण मला कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या टेबलावर बोलायला जागा मिळायची तर टोकन घ्यावं लागतं!

०००

शेवटी तडजोड झाली. एक नवी ट्यूब्युलर, जिग्नेशभाईंनी ट्रायलसाठी उधार दिलेली. बेडखाली मावली नाही म्हणून पायथ्याशी उभी केली. आणि आईंनी एकदा त्यावर झोपून दाखवायचं. आईंना गाडीत धीर येतो की नाही, ते त्याशिवाय कसं कळणार?

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचे पडदे लावले. आई आत झोपल्या, गणोबा सुरू झाला. बाहेर बाबा, काका, केदार आणि मी.

पाच मिनिटांत सेक्रेटरी आले. "साहेब, उपविधीप्रमाणे पार्किंगमध्ये वास्तव्य करता येत नाही!"

"वास्तव्य नाही, झोप," बाबा कुजबुजले.

"झोपेचं उपविधीत काही नाही," सेक्रेटरी विचारात पडले आणि मग तेही कुजबुजायला लागले. मग वॉचमन आला. मग तळमजल्यावरच्या देशपांडे आजी खुर्ची घेऊन आल्या. आई आठ वर्षांत घराबाहेर झोपल्या नव्हत्या हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. क्रिकेट खेळणारी पोरं सेक्रेटरींनी स्वतः हाकलली. एक कुरिअरवाला मोठ्याने नाव पुकारत आला, त्याला सात जणांनी एकदम "शूऽऽऽ!" केलं.

तासभर झाला. आतून गणोबाची संथ घरघर. आई खरंच झोपल्या होत्या! बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, नुकताच पुसलेला असूनही.

आणि तेवढ्यात काकांना चहाची तलफ आली. ते हळूच पुढच्या दाराने आत गेले आणि किटली लावली.

इन्व्हर्टर कर्कश किंचाळला. टीं टीं टीं टीं! लाल दिवा. सगळं बंद. गणोबा थांबला.

दार उघडलं. आई मास्क हातात धरून पायरीवर उभ्या होत्या. केस विस्कटलेले, चेहरा पांढरा. त्यांनी काकांकडे बघितलं, किटलीकडे बघितलं, जमलेल्या अख्ख्या बिल्डिंगकडे बघितलं.

"मला जायचंच नाही माहेरी," त्या म्हणाल्या. "कोणी त्रास घेऊ नका."

संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या ठेवायला त्यांच्या खोलीत गेले. देवीच्या ओटीसाठी आणलेली हिरवी साडी आणि खण महिनाभर बॅगेत वर ठेवलेले होते. आई ते काढून कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात ठेवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "वर धूळ बसते गं."

मी मान हलवली. बाहेर आले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आपणहून एक फोन केला. आईंच्या डॉक्टरांना.

०००

पुढच्या रविवारी बॅटरी परत करायला सगळे घाटकोपरला गेलो. आईंना मीच म्हटलं, "चला ना, बाजारात जाऊन येऊ." त्या आल्या.

जिग्नेशभाईंचं दुकान म्हणजे दोन माणसांची रुंदी. आत जिग्नेशभाई धरून आम्ही सहा, शिवाय बॅटऱ्या. बाबा म्हणाले, ट्यूब्युलरच पण दोन. काका म्हणाले, जेल बॅटरी घ्या, तिच्यात पाणीच भरायला नको. केदार म्हणाला, लिथियम, पण सगळ्यात मोठी.

"लिथियम?" बाबांनी किंमत ऐकून हातातला चहा खाली ठेवला. "ह्यात बॅटरी येते की दुकान?"

"आणि ती पेटते!" काका म्हणाले. "मोबाईल फुटतात ते काय उगाच? वहिनींना बॉम्बवर झोपवणार तुम्ही?"

"काका, ती किटली तुमची होती!"

"किटलीचा काय संबंध? केदार, किटलीचा काय संबंध?"

आवाज इतका चढला की जिग्नेशभाईंनी हात जोडले. "साहेब, गिऱ्हाईक आत येत नाही. तुम्ही जरा बाहेर मोकळ्या हवेत बोला ने." तिघेही फुटपाथवर गेले. तिथे जागा भरपूर होती आणि ऐकायला माणसंही.

आत मी, आई आणि जिग्नेशभाई. ते आमच्याकडे वळले. "बेन, खरं सांगा. चालवायचं काय?"

मी आईंकडे बघितलं. आई माझ्याकडे.

"एक मशीन," मी हळूच म्हटलं. "बल्बाएवढं खातं. पाणी कोमट करायची टाकी आहे, ती बंद ठेवणार. डॉक्टर म्हणाले, कोकणात हवा तशीही दमट, तेवढे दिवस चालेल. एक छोटा पंखा. बाकी काही नाही."

"किटली?"

"नाही," आई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून मी इतका ठाम 'नाही' ऐकला नव्हता.

जिग्नेशभाईंचा चेहरा उजळला. "मग तुमचं काम तर केवढंसं! बघा, गाडीची बॅटरी म्हणजे पहेलवान. एक जोरात धक्का देणार, मग बसणार. ट्यूब्युलर म्हणजे घरची मोठी बा, आजी. एका जागी बसवा, वर्षं सांभाळेल. बंद गाडीत घाटातून नेली तर उलटी करेल. तुम्हाला पाहिजे ही." आणि त्यांनी काउंटरवर एक निळी पेटी ठेवली. एका हाताने! "लिथियम, पण लोखंड-फॉस्फेटवाली, मोबाईलवाली नाही. आतच पहारेकरी आहे, जास्त खेचलं की स्वतः बंद होते. बेडखाली बसेल. तीन रात्री आरामात. सोबत छोटा, चांगला इन्व्हर्टर, घरच्यासारखी स्वच्छ वीज देणारा. मशीनला तोच पाहिजे."

आईंनी पेटीला हात लावला. "जळणार नाही ना हो?"

"बेन, माझी मम्मी हेच मशीन लावते. आम्ही पालिताण्याला यात्रेला हीच घेऊन गेलो."

आईंनी पर्स उघडली. "पिशवीत द्या," त्या म्हणाल्या, जणू पावशेर मिरच्या घेत होत्या.

पंधरा मिनिटांनी तिघे घामाघूम होऊन आत आले. कुणाचंच काही ठरलेलं नव्हतं. जिग्नेशभाईंनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, झालं. तुम्ही म्हणत होता तसंच केलं." मग काकांकडे वळून, "काका, तुमचाच पॉईंट घेतला." मग केदारला, "ब्रो, तू बोलला तेच."

तिघेही समाधानाने गाडीत बसले. विक्रोळी येईपर्यंत कुणीही विचारलं नाही की काय घेतलं!

०००

जत्रा झाली. बाळामामाच्या अंगणात, फणसाखाली आमची 'रात्रपाळी' उभी होती. आईंनी देवीची ओटी भरली, हिरवी साडी नेसून, लांबलचक रांगेत उभं राहून. त्या रात्री गावाने आपला शब्द पाळला. जेवणं व्हायच्या आत लाईट गेली. आम्ही सगळे घरात कंदिलाच्या उजेडात अंथरुणं घालून पडलो, आई गाडीत.

सकाळी उजाडलं तरी लाईट आली नव्हती. मामा चुलीवरचा चहा कपांत ओतत होता. गाडीचं दार उघडलं आणि आई खाली उतरल्या. नाकावर मास्कची खूण, डोळे स्वच्छ, चेहऱ्यावर लहान मुलीसारखी झोपेची लाली.

"लाईट गेली होती?" त्यांनी विचारलं. "मला कळलंच नाही!"

मामा कप ठेवून एकदम उठला. "बाय गो!" म्हणाला. आठ वर्षांनी बहीण त्याच्या अंगणात झोपून उठली होती. मग त्याने डोळे पुसले आणि वळून विचारलं, "ही बॅटरी कोणी शोधून काढल्यान रे?"

"मी पहिल्या दिवसापासून लिथियमच म्हणत होतो," बाबा म्हणाले.

"दादा, लिथियम हा शब्द तुला मी शिकवला," काका म्हणाले.

"आणि व्हिडिओ कोणी दाखवले?" केदार.

"व्हिडिओत बर्फ होता!" बाबा.

"फॉस्फेटचा मुद्दा माझा. पेटू नये म्हणून मीच तर सावध केलं सगळ्यांना!" काका.

आई एकीकडे बसून चहा पीत होत्या. शेजारच्या घरातून दोन बायका धावत आल्या, त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणी. एक सावंतवाडीला दिलेली, एक गोव्याला. "अगो, आज रात्री सगळ्या जमतोय आम्ही माझ्याकडे. येतंस मां?" आईंनी बाबांकडे बघितलं.

बाबांनी घड्याळ बघितलं. "चला, चला, आवरा. एक रात्र निभावली, देवीची कृपा. बॅटरी संपायच्या आत घर गाठू. उगाच रिस्क नको."

"हो, वहिनी," काका म्हणाले. "टेक्निकल गोष्ट आहे ही. तुम्हाला नाही कळायची."

आईंनी कप खाली ठेवला. गाडीशी गेल्या आणि दारातच उभं राहून चादरीची घडी घालायला लागल्या. हळू. टोकाला टोक जुळवत.

मी उठले. गाडीत चढले, बेडखालच्या पेटीवरचा उरलेल्या चार्जिंगचा आकडा पुन्हा एकदा बघितला, आणि आईंच्या हातातली चादर घेऊन परत बेडवर पसरली. मग पायरीवर येऊन उभी राहिले. अंगणात सगळे माझ्याकडे बघायला लागले. बहुतेक त्यांना वाटलं, मी चहा मागणार.

"बॅटरी आईंनी आणि मी घेतली. तुम्ही तिघे फुटपाथवर भांडत होतात तेव्हा. अजून दोन रात्री पुरेल. आई परवा निघतील, आणि मी त्यांच्याबरोबर. ज्यांना आज घर गाठायचंय, त्यांना फाट्यावर एस.टी. मिळेल."